उसातला बिबट्या कॅमेऱ्याला ओळखू येतो तो कसा?

जुन्नर, शिरूर, संगमनेर या ऊसपट्ट्यात बिबट्याची बातमी आता नवी राहिलेली नाही. नवी आहे ती त्यावरच्या उपायाची. बिबट्या दिसला की भोंगा वाजवणारे, वनखात्याच्या मोबाइलवर निरोप धाडणारे एआय कॅमेरे. बातमीत एवढंच असतं की ‘कॅमेरा बिबट्याला ओळखतो’. कसा ओळखतो, हे कोणी सांगत बसत नाही. मग रात्री दोन वाजता एखाद्या कुत्र्यासाठी भोंगा वाजला, तर लोक यंत्राला वेड्यात काढणार, आणि असं चार वेळा झालं की भोंग्याकडे लक्षच देणार नाहीत.

म्हणून जरा आत डोकावू. फोटोत काय आहे हे ठरवताना यंत्र दोन गोष्टींचा आधार घेतं. फोटोत प्रत्यक्ष काय उमटलंय, ही एक. आणि अशा फोटोंबद्दल त्याला आधीपासून काय ठाऊक आहे, ही दुसरी. यंत्राच्या सगळ्यात हास्यास्पद आणि सगळ्यात धोकादायक चुका नजर अधू असल्यामुळे होत नाहीत. या दोन आधारांपैकी एकावरच सगळा भार पडला की होतात.

फोटो म्हणजे नुसते आकडे

मोबाइलवरचा फोटो बोटांनी ताणत गेलात की शेवटी चौकोनी ठिपके दिसू लागतात. असा एक ठिपका म्हणजे पिक्सेल. काळ्या-पांढऱ्या फोटोत प्रत्येक पिक्सेलसाठी एक आकडा साठवलेला असतो. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र, मधल्या सगळ्या करड्या छटा. रंगीत फोटोत लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे. १२ मेगापिक्सेलच्या एका फोटोत १ कोटी २० लाख पिक्सेल, म्हणजे ३ कोटी ६० लाख आकडे झाले. यंत्राच्या हाती पडतं ते एवढंच. त्यात ना बिबट्या असतो, ना ऊस.

आपल्याला यात काही अवघड वाटत नाही, कारण आपला मेंदू हे काम आपल्याला न विचारता उरकून टाकतो. या सहजपणाला भलेभले भुलले. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सिमोर पॅपर्ट यांनी बेत आखला होता, की उन्हाळी सुट्टीत विद्यार्थ्यांना कामाला लावून यंत्राच्या दृष्टीचा बराचसा भाग उभा करायचा. तो उन्हाळा साठ वर्षं लांबला आहे.

शेजाऱ्याशी वजाबाकी

आकड्यांच्या या ढिगातून सुरुवात कुठून करायची? समजा फोटोतल्या एका ओळीत शेजारशेजारचे आकडे असे आहेत: ४०, ४२, ४१, १८०, १८३. पहिले तीन जवळपास सारखे, मग एकदम उडी. म्हणजे तिथे काहीतरी संपलं आणि दुसरं काहीतरी सुरू झालं. ही झाली कड. प्रत्येक पिक्सेलची त्याच्या शेजाऱ्यांशी वजाबाकी करत गेलं की फोटोतल्या सगळ्या कडा हाती लागतात, त्यांचा कल कुठल्या बाजूला आहे तेही कळतं.

मूळ आकडे सोडून वजाबाकीच का करायची, असा प्रश्न पडेल. कारण उजेड. दुपारी बारा वाजता काढलेल्या आणि संध्याकाळी साडेसहाला काढलेल्या फोटोत त्याच जनावराचे आकडे पार बदललेले असतात. पण काळा ठिपका भोवतालच्या पिवळट कातडीपेक्षा गडद असतो, हे दोन्ही वेळा खरंच. उजेड उतरला तरी फरक शिल्लक राहतो, म्हणून भरवसा फरकावर.

कडांपासून कोपरे, कोपऱ्यांपासून वळणं, पुन्हापुन्हा येणाऱ्या ठिपक्यांची नक्षी, असं वर चढत जाता येतं. ओळखायला उपयोगी पडणाऱ्या अशा मोजता येणाऱ्या गोष्टीला या क्षेत्रात फीचर म्हणतात. मी इथे तिला खूण म्हणेन. निसर्गही काहीसा असाच चालतो. १९५९ मध्ये डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजराच्या मेंदूवरच्या प्रयोगांतून दाखवलं की तिथल्या काही पेशी ठरावीक कलाच्या रेघेलाच प्रतिसाद देतात. उभ्या रेघेला एक पेशी, तिरक्या रेघेला दुसरी. या कामासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं.

खुणा कोणी ठरवायच्या?

बरीच वर्षं त्या माणूस ठरवत होता. कॅमेऱ्यात चेहऱ्याभोवती चौकोन उमटायला लागला तो काळ आठवतो का? त्यामागची एक गाजलेली पद्धत पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी २००१ मध्ये मांडली. तिच्यातल्या खुणा अगदी साध्या होत्या. डोळ्यांचा पट्टा खालच्या गालांपेक्षा गडद असतो, दोन डोळ्यांमधला नाकाचा भाग उजळ असतो. अशा शेकडो उजळ-गडद चौकटी एकापाठोपाठ तपासायच्या. पहिल्या चाचणीतच नापास झालेला भाग लगेच सोडून द्यायचा. म्हणून ती झपाट्याने चालायची. २००५ मध्ये नवनीत दलाल आणि बिल ट्रिग्ज यांनी फोटोतल्या छोट्या छोट्या भागांत कोणत्या दिशेच्या कडा किती, याची मोजणी करून रस्त्यावरची माणसं ओळखून दाखवली.

२०१२ मध्ये चित्र पालटलं. इमेजनेट नावाच्या स्पर्धेत यंत्रांना १,००० प्रकारच्या वस्तू ओळखायच्या होत्या, शिकायला सुमारे १२ लाख फोटो होते. टोरांटोच्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांच्या यंत्राला खुणा कोणी सांगितल्याच नव्हत्या. फोटो आणि त्याचं नाव, एवढंच त्याच्यापुढे ठेवलेलं. पाच अंदाजांतही बरोबर उत्तर न येण्याचं प्रमाण त्यांच्याकडे १५.३ टक्के होतं, दुसऱ्या क्रमांकाकडे २६.२. अशा यंत्राच्या पोटात आकडेमोड एकापाठोपाठच्या थरांत होते. त्यातल्या पहिल्या थरात काय सापडावं? वेगवेगळ्या कलांच्या कडा आणि रंगांचे ठिपके. शिकता शिकता यंत्र आपलं आपण तिथेच येऊन पोचलं होतं.

एवढ्यावर भागत का नाही?

डॉक्टरांची चिठ्ठी आठवा. अक्षर असं की घरातल्या कोणालाही लागत नाही, पण औषधाच्या दुकानातला माणूस क्षणात डबी काढून देतो. त्याचे डोळे आपल्यापेक्षा तेज नसतात. पहिलं अक्षर ‘पी’सारखं आहे, मधे कुठेतरी उंच दांडी आहे, एवढं त्याला दिसतं. बाकीचं तो जाणतो. कोणती औषधं असतात, पाचशेच्या मात्रेत काय मिळतं, हे डॉक्टर बहुधा काय लिहितात, सध्या साथ कशाची आहे. अर्धं कागदावर वाचलं, अर्धं डोक्यातून घातलं. आणि कधी चुकीची डबी निघाली, तर तीही याच रीतीने निघते.

यंत्राचंही असंच आहे. एमआयटीतले अंतोनियो तोराल्बा यांचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. रस्त्याच्या धूसर फोटोत एक गडद आडवा डाग आहे. पाहणारा बिनदिक्कत म्हणतो, ‘गाडी’. तोच डाग, तेच पिक्सेल, फक्त उभा करून ठेवला की म्हणतो, ‘चालणारा माणूस’. डागात काहीच बदललेलं नसतं. गाडी आडवी असते, माणूस उभा असतो आणि रस्त्यावर हे दोघे भेटतात, ही माहिती पाहणाऱ्याने आणलेली असते.

बिबट्याच्या बाबतीत तर हे फारच लागू पडतं. अनेक कॅमेरे रात्री डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात फोटो काढतात, त्यामुळे रंग गेलाच. जनावर उसाआड अर्धं लपलेलं. मागचा पाय, शेपटीचा बाक आणि पाठीची रेघ एवढ्यावरून निर्णय घ्यायचा. अशा वेळी प्राण्याच्या शरीराची ठेवण, त्याची चाल, तो जमिनीपासून किती उंच असतो, या माहितीशिवाय खुणा अपुऱ्या पडतात.

वाघ मोजताना दोन्हींची जोडी जमते ती अशी

आपल्या देशातलं याचं उत्तम उदाहरण म्हणजे व्याघ्रगणना. पूर्वी जंगलात पंजाचे ठसे काचेवर गिरवून वाघ मोजायचे. त्या आकड्यांवर किती विसंबायचं हे २००५ मध्ये कळलं, जेव्हा राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. त्यानंतर देशभर नवी पद्धत आली. तिचा एक मोठा आधार म्हणजे कॅमेरा ट्रॅप, समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. फोटोवरून पट्टे जुळवून वाघ मोजायचं काम वाघांचे अभ्यासक उल्हास कारंत यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत नव्वदच्या दशकातच केलं होतं, पण तेव्हा जुळवणी डोळ्यांनी व्हायची.

२०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि एकूण ३,४८,५८,६२३ फोटो जमले. त्यांतले वाघांचे ७६,६५१, बिबट्यांचे ५१,७७७. बाकी हरणं, रानडुकरं, गुरं, माणसं आणि वाऱ्याने हललेलं गवत. साडेचारशे फोटोंमागे वाघाचा एक. कोणता फोटो कोणत्या प्राण्याचा, हे आधी सॉफ्टवेअरने निवडायचं. हे पहिलं काम.

दुसरं काम जास्त नाजूक. हा वाघ कोणता? प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात हे खरं, पण वाघ काही ओळखपत्राच्या फोटोसाठी उभा राहत नाही. तो वळलेला असतो, चढावर असतो, पाय पुढे टाकलेला असतो. पोटाकडचा पट्टा एका फोटोत रुंद दिसतो, दुसऱ्यात आकसलेला. नुसते पट्टे ताडून पाहिले तर एकच वाघ दोन वेगळे वाघ वाटू शकतो.

इथे माहिती कामाला येते. यासाठी वापरलं जाणारं एक्स्ट्रॅक्टकम्पेअर हे सॉफ्टवेअर लेक्स हिबी आणि सहकाऱ्यांच्या कामातून आलं. त्यात वाघाच्या शरीराचा त्रिमितीय सांगाडा आधीच भरलेला आहे. फोटोतल्या वाघाचा खांदा, कंबर, शेपटीचं मूळ अशा जागा माणूस खुणावून देतो. सॉफ्टवेअर तो सांगाडा फोटोतल्या वाघावर बसवतं, आणि पट्टे जणू कातडी सपाट पसरल्यासारखे मोकळे करून घेतं. मग वाघ कोणत्याही कोनात चालत असो, तुलना सपाट नक्षीची सपाट नक्षीशी होते. याच पद्धतीने त्यांनी २००९ मध्ये जिवंत वाघांचे फोटो कातड्यांशीही जुळवून दाखवले. जप्त केलेलं कातडं कोणत्या जंगलातल्या वाघाचं, हे त्यामुळे शोधता येतं.

आणखी एक बारकावा. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, नाहीतर डावी कूस दिसलेला एक आणि उजवी कूस दिसलेला दुसरा, असा एकाच वाघाचा हिशेब दोनदा लागेल. ही गोष्ट कुठल्याही फोटोत लिहिलेली नसते. ती प्राणी ओळखणाऱ्या माणसाला ठाऊक होती, म्हणून कॅमेऱ्यांची मांडणी तशी झाली. शेवटी जुळवणीवर शिक्कामोर्तब माणूसच करतो. २०१८ मध्ये असे २,४६१ वेगवेगळे वाघ फोटोंतून ओळखले गेले, अंदाजित २,९६७ पैकी.

‘मग यंत्र गाईलाही कसं चुकतं?’

कारण त्याला माहिती मिळाली, पण भलतीच. सारा बीरी, ग्रँट व्हॅन हॉर्न आणि पिएत्रो पेरोना यांनी २०१८ मध्ये दाखवलेलं उदाहरण मला फार आवडतं. कुरणात उभी असलेली गाय यंत्र झटकन ओळखतं. समुद्रकिनाऱ्यावरची गाय त्याला ओळखू येत नाही. शिकताना पाहिलेल्या बहुतेक गायी गवतावर होत्या, तेव्हा ‘गवत’ हीसुद्धा गाईची खूण आहे असं यंत्राने परस्पर ठरवून टाकलं. गोव्याच्या किनाऱ्यावर वाळूत रवंथ करत बसलेली गाय पाहिलेल्या कोणालाही यावर हसू येईल.

त्याच अभ्यासातला मुख्य भाग कॅमेरा ट्रॅपबद्दल होता. ज्या ठिकाणच्या फोटोंवर यंत्र शिकलं तिथे ते छान चाललं. तेच प्राणी, पण कॅमेऱ्याची जागा नवी, की चुका बऱ्याच वाढल्या. आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे. कोरड्या सागवानी जंगलातल्या फोटोंवर शिकलेला कॅमेरा आणून उसाच्या बांधावर टांगला, तर त्याच्याकडून तीच कामगिरी गृहीत धरता येत नाही.

दुसरी खोड कातडीची. जर्मनीत ट्यूबिंगनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या आकृतीत हत्तीच्या कातडीचा पोत भरलेलं चित्र केलं. माणसं म्हणाली मांजर, यंत्रं म्हणाली हत्ती. आपण आकार धरतो, त्या यंत्रांनी पोत धरला होता. दोरीवर ठिपक्याठिपक्यांची चादर वाळत असेल तर काय, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

‘पण हल्लीचं एआय तर फोटोवर गप्पा मारतं!’

मारतं खरं. २०२१ च्या सुमारास मोठा बदल झाला. ओपनएआयचं क्लिप हे यंत्र इंटरनेटवरच्या ४० कोटी फोटो-मजकूर जोड्यांवर शिकलं. पूर्वी यंत्राच्या माहितीला वस्तूंच्या यादीची मर्यादा होती, आता भाषेतून येणारं जगाचं ज्ञान हाताशी आलं. लग्नाचा फोटो पाहून ‘अंतरपाट धरलाय’ असं सांगता येण्यासाठी असं ज्ञान लागतंच, नुसतं ‘कापड, माणसं, फुलं’ पुरत नाही.

पण पारडं आता दुसरीकडे झुकू लागलं. हिरव्या सफरचंदावर ‘आयपॉड’ लिहिलेला कागद चिकटवला तर क्लिपने ते ९९.७ टक्के खात्रीने आयपॉड ठरवलं. २०२५ च्या एका अभ्यासात अशा बोलक्या यंत्रांना पाच पायांच्या प्राण्यांची मुद्दाम केलेली चित्रं दाखवली आणि पाय मोजायला सांगितले. उत्तर बहुतेक वेळा चार. आदिदासच्या चिन्हात चौथी पट्टी घातली, तरी तीनच. प्राण्याला चार पाय असतात हे यंत्राला इतकं पक्कं ठाऊक होतं, की समोरचा पाचवा पाय मोजायचं त्याने कष्टच घेतले नाहीत.

माणूसही असं करतो, हे मान्य. स्वतःच्या लिखाणातली शुद्धलेखनाची चूक स्वतःला दिसत नाही ती त्यामुळेच. पण आपल्याला कोणी ‘नीट बघ’ म्हटलं की आपण माहिती बाजूला सारून पुन्हा पाहू शकतो. यंत्राला ‘नीट बघ’ म्हटल्याने फारसा फरक पडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

माणसांचे चेहरे वाचणाऱ्या यंत्रांत हीच गोष्ट गंभीर होते. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणारी तीन व्यापारी सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी तेच होतं. शिकताना पाहिलेले चेहरे बहुधा सारखे नव्हते.

‘९९ टक्के अचूक असेल तर अडचण काय?’

विक्रेता हा आकडा हमखास सांगतो, म्हणून थोडं गणित. समजा एक यंत्र वाघ नसलेल्या फोटोंत फक्त १ टक्का वेळा चुकून ‘वाघ’ म्हणतं. २०१८ च्या गणनेत वाघ नसलेले फोटो ३ कोटी ४७ लाखांच्या वर होते. त्यांचा एक टक्का म्हणजे जवळपास साडेतीन लाख खोटे वाघ. खरे फोटो होते पाऊण लाखाच्या थोडे वर. म्हणजे यंत्राने ‘वाघ’ म्हटलं तर ते चुकीचं असण्याचीच शक्यता चौपटीहून जास्त. यंत्र वाईट नाही, वाघ दुर्मीळ आहे. गावच्या वेशीवरच्या कॅमेऱ्यासमोरूनही दिवसभरात कुत्री, शेळ्या, मोटारसायकली शेकड्यांनी जातात आणि बिबट्या कधीतरी.

त्यात यंत्र ‘हो’ किंवा ‘नाही’ असं सांगतच नाही. ते गुण देतं: बिबट्या ०.६२, कुत्रा ०.३०. किती गुणांना भोंगा वाजवायचा, हे माणूस ठरवतो. ही गुणांची पट्टी खाली आणली की खोटे भोंगे वाढतात, वर नेली की खरा बिबट्या निसटतो. गणनेत खोटा वाघ चालतो, कारण दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसलेला अभ्यासक तो बाजूला काढतो. निसटलेला वाघ परत मिळत नाही, म्हणून तिथे पट्टी खाली ठेवणं शहाणपणाचं. गावात रोज चार खोटे भोंगे वाजले तर आठवड्याभरात कोणीतरी वायर काढून ठेवेल. तिथे एका फोटोवर निर्णय न घेता लागोपाठच्या काही फोटोंत तेच जनावर दिसलं तरच वाजवायचं, किंवा निरोप आधी वनरक्षकाकडे आणि मग भोंग्याकडे, असे मार्ग काढावे लागतात. ही पट्टी कुठे ठेवली आहे आणि कोणी ठेवली, हे कॅमेरा बसवायला येणाऱ्याला ग्रामसभेत विचारायला हरकत नाही. यंत्र कुठल्या भागातल्या, दिवसाच्या की रात्रीच्या फोटोंवर शिकलंय, तेही.

आणि भोंगा चुकून वाजला तर तो फोटो पुसून टाकू नये. त्यावर ‘कुत्रा, उसाच्या कडेला, रात्र’ अशी नोंद करून तो यंत्राच्या शिकवणीत परत घालता येतो. त्या शिवाराची माहिती यंत्राला दुसरीकडून कुठूनही मिळणार नाही.